गोठ्यातली हवा

"शी! माणूस ठेवायची जागा आहे ही?" गोठ्याच्या दारातच अल्कानं मास्कवरूनच नाक दाबलं.

शेण, मूत, बिडीचा धूर, आणि खाटेशेजारी थुंकीनं काठोकाठ भरलेला डबा. त्यावर माश्या घोंगावत होत्या. खाटेवर म्हातारे केशोराव खोकत बसले होते. पण या घाणीहून जास्त किळस अल्काला त्यांच्या मुलाची आली. लीलाधर पार अंगणाच्या टोकाला उभा. सख्खा मुलगा, आणि बापाच्या जवळ यायला तयार नाही!

दरेकशाच्या जंगलालगतच्या या गावात, याच घरात साथीचा खोकला शिरल्याचं गावातल्या आशा सेविकेनं कळवलं होतं. हवेत विषाणू आहे का, आणि असला तर जिवंत आहे का, हे मोजायचं अल्काचं काम. तिचं यंत्र हवा हळूहळू ओढून कोमट द्रावणात सोडायचं, विषाणू मरू नये म्हणून. पुढे प्रयोगशाळेत ते द्रावण जिवंत पेशींवर टाकत. पेशी मेल्या, की विषाणू जिवंत. रोगी कोण, ते तर दिसतच होतं.

यंत्र घुरघुरायला लागलं, तेव्हा तिनं विचारलं, "यांना घराबाहेर का ठेवलं?"

"बाबाचे फेफडे कमजोर हायेत जी," लीलाधर म्हणाला.

"म्हणून गोठ्यात टाकलं?"

"होय जी. म्हणूनच." त्यानं मान खाली घातली. "गावात सांगू नोका, म्याडम. लोक विहिरीवर येऊ देनार नाही."

जनाची नाही तर मनाची तरी! अल्कानं दात-ओठ खाल्ले.

तुलनेला एक नमुना स्वच्छ हवेचा लागतो. त्याला कोरा नमुना म्हणतात. तो तिनं घराच्या मधल्या खोलीत घेतला. सारवलेली जमीन, लख्ख घासलेली भांडी, कोपऱ्यात निजलेली चिमुकली नात. इथं आल्यावर कुठं तिला मास्क काढून श्वास घेता आला. सून नीतू तोंडाला पदर लावून भिंतीला चिकटली होती. जेवणाच्या वेळी तिनं वरण-भाताची थाळी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि पळतच परत आली. कुत्र्यालाही कोणी असं वाढत नाही.

आठवडाभरानं अल्का पुन्हा निघाली. गावाजवळच्या वळणावर प्रयोगशाळेतल्या रत्नपालचा फोन आला.

"मॅडम, गोठ्याचा नमुना साफ आहे. एकही पेशी मेली नाही. आणि तो दुसरा..."

जंगलात रेंज गेली. जाऊ दे. दुसरा तर कोराच, त्यात काय ऐकायचं?

ती तडक गोठ्यात शिरली. "चला बाबा, घरात. तुम्हाला काही झालेलं नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "नातीले घेता येईन का जी? लय दिवस झाले."

"खुशाल घ्या!"

लीलाधर धावत आडवा आला. "म्याडम, बाबाले आत नोका आनू! हात जोडतो. आमचं ऐका तं..."

"एक अक्षर ऐकायचं नाही मला! जन्मदात्याची एवढी घाण वाटते? लाज कशी नाही वाटत? पुन्हा बाहेर काढलं तर पोलिसांत देईन दोघांना!"

पोलिसांचं नाव निघालं आणि लीलाधर जोडलेल्या हातांनीच मागं सरला. नीतू पदराआड हुंदके देत राहिली. नाटकी बाई! अल्काला तिच्याकडे बघवेना.

तिनं मधल्या खोलीत खाट टाकायला लावली आणि केशोरावांना हाताला धरून बसवलं. नात रांगत येऊन आजोबांना बिलगली. म्हाताऱ्यानं तिला उचलून छातीशी धरलं, गालाला गाल लावला. अल्काला भरून आलं. चला, एक तरी काम पुण्याचं झालं. ती अंगणात आली आणि फोन वाजला.

"मघाशी फोन कटला, मॅडम," रत्नपाल म्हणाला. "तुमच्या कोऱ्या नमुन्यातल्या पेशी सगळ्याच्या सगळ्या मेल्या. जिवंत विषाणू नुसता ठासून भरला आहे. कोणाची खोली आहे ती?"

आतून केशोरावांनी हाक मारली, "म्याडम, पोरीचं आंग तापून राहिलं जी."