समुद्राच्या वाट्याचा चुना

अड्याळच्या स्टँडवर भय्याजींनी चुन्याचं पोतं एसटीच्या पायरीवर टेकवलं, तसा कंडक्टर ओरडला, "भय्याजी, एसटी हाय का मेटाडोर? कुठं चालला एवढा चुना?"

"समुद्रात."

अर्धी बस हसली. शेजारी उभी असलेली नात, दामिनी, पुटपुटली, "आबाजी, इज्जत नका काढू. मी जाऊनच नाही राहिली." तिची बॅगही त्यांनीच उचलून आणली होती.

रत्नागिरीकडं समुद्रातली, शिंपल्यातली कालवं वाढवायच्या एका केंद्रात ती कामाला. यंदा पिल्लं टिकली नाहीत, म्हणून सगळं सोडून घरी आली. धूर हवेत जातो, समुद्र तो पितो, पाणी आंबट होत जातं, मग इवल्या जिवांना शिंपला धरत नाही. काल जेवताना तिनं हे सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं आणि वरण वाढून घेतलं. भय्याजींचा घास मात्र हातातच राहिला.

आंबट पाणी त्यांना ठाऊक होतं. गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, मासोळीचं बीज सोडण्याआधी आंबटपणा मारायला दरसाल चुना पडतो. ज्याची म्हैस त्या पाण्यात बसते, त्याच्या घरून एक पोतं. चुकवलं, तर त्याच्या घरी मासोळी जात नाही.

"आबाजी, तो समुद्र हाय, बोडी नाही. एका पोत्यानं काय होते?"

"एका पोत्यानं बोडीचंबी होत नाही वं. मी माह्या वाट्याचा देऊन राहिलो. धूर सोडाले ट्रॅक्टर माह्याबी घरी हाय."

"आन् बाकीच्याइचा?"

"ज्याइच्या कारखान्याच्या चिमण्या आभायाले टेकल्या, त्याइले माग. दारात उभी राहून माग. लाज त्याइले वाटाले पायजे, तुले काहून? पण तू इथं तोंड पाडून बसली, तर मागन कोण?"

कंडक्टर हसायचा थांबला. "ताई, चढता का? टाइम झाला."

दामिनीनं आबाजींकडं पाहिलं. धोतरावर चुना, मिशीवर चुना, कानातही चुना. तिला हसू फुटलं. तिनं पोत्याचा एक कान धरला. दुसरा कंडक्टरनं धरला.

बस हलली, तसे भय्याजी खिडकीबरोबर धावले.

"दामिनी! टाकतानी वाऱ्याकडं पाठ ठेवजो वं. डोयात जाते!"