बारा जणांचा शब्द

“शेळी,” बिरूआबा म्हणाले.

हशा पिकला. नव्या मोबाइलवर अकरा शब्द टाइप करून रविराज बाराव्यासाठी अंगठा उचलून बसला होता. “आबा, इंग्रजी सांगा. हितं मराठी चालत न्हाय.”

“मला इंग्रजी कुठलं? दोन वर्सामागं चिठ्ठी मिळाली, ती दादासोंनी वाचून दिली. म्हनले, शेळी. मी शेळी सांभाळली. फुडचं तुमी बघा.”

“गोट लिही,” उपाध्यक्ष सोनबा म्हणाले. रविराजने ‘गोट’ लिहिले.

निमगाव केतकीच्या फिजी मित्र मंडळाची ही तातडीची सभा होती. मंडळ सेव्हन्स रग्बीवर पैजा लावत असे. बारा सभासदांपैकी एकानेही रग्बीचा चेंडू प्रत्यक्ष पाहिला नव्हता. पण सात-सात गड्यांचा खेळ म्हणजे कबड्डीच, फक्त पळायला रान जास्त, हे सर्वांना पटले होते. फिजीत ऊस पिकतो, तेव्हा ती माणसे आपल्यातलीच, हेही पटले होते. परदेशी संकेतस्थळ रुपये घेत नसे, म्हणून पैजा क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत लागत. कामकाज अर्थातच सहकाराच्या शिस्तीत चाले: आधी सूचक, मग अनुमोदक, मग ठराव. सामना चौदा मिनिटांचा आणि चर्चा पाऊण तासाची, त्यामुळे मंडळाचे पुष्कळ नुकसान आपोआप टळले होते. एकदाच स्पर्धेच्या आदल्या दिवशी ठराव मंजूर झाला, फिजीने चषक जिंकला आणि मंडळाकडे बावीस लाखांची नाणी जमा झाली. ती केव्हा विकावीत यावरची चर्चा अद्याप संपलेली नव्हती.

या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्याकडे, त्याची नाणी. यावर चेअरमन दादासोंनीच तोडगा काढला होता. शब्दांचा छापील कागद न वाचता पालथा ठेवायचा, कात्रीने कापायचा; प्रत्येकाने एक चिठ्ठी घ्यायची, क्रमांकासकट पाठ करायची आणि जाळायची. कुणाचाच कुणावर विश्वास नसल्याची ही व्यवस्था इतिवृत्तात ‘सत्तेचे विकेंद्रीकरण’ म्हणून नोंदली गेली. मंडळाचा मोबाइल चालू होता तोवर शब्दांची गरज पडली नाही. गेल्या आठवड्यात तो रविराजच्या खिशातून कडबाकुट्टीत पडला आणि वैरणीबरोबर बारीक होऊन बाहेर आला.

म्हणून आज प्रत्येकाने आपला शब्द सभेत मोठ्याने सांगितला होता आणि इतरांचे शब्द कागदावर टिपून घेतले होते. मंडळाच्या कामकाजात एवढा रस आजवर कुणी घेतला नव्हता.

रविराजने कळ दाबली. शब्द चुकीचे असल्याचे मोबाइलने कळवले. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

“आबांनीच घोळ केला,” सोनबा म्हणाले. “लाखाच्या कुलपाला शेळी लावत्यात व्हय कुणी?”

बिरूआबा दादासोंकडे वळले. “चिठ्ठी तुमीच वाचली न्हवं? शेळीच व्हती ना?”

शेळीच होती. दादासोंना ती चिठ्ठी लख्ख आठवत होती. पण तिसऱ्या क्रमांकाला स्वतः दादासोंनी ‘रिबन’ऐवजी ‘रिव्हर’ सांगितले होते. बाकीचे अकरा शब्द टिपून घ्यायचे आणि घरी जाऊन त्यांत आपला खरा बसवायचा, इतका साधा बेत होता. आबा खरे ठरले, तर चुकीचा शब्द शोधत सभा आपल्यापर्यंत येणार होती.

“दोन वर्सं झाली, आबा,” ते म्हणाले. “मला काय आठवत न्हाय.”

खोटा शब्द दिल्याबद्दल बिरूआबांचे सभासदत्व रद्द करण्याचा ठराव सोनबांनी मांडला. अनुमोदनासाठी चार हात एकदम वर आले. ठराव मंजूर व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

बिरूआबा उठले. आठवडे बाजारात त्यांच्या नुसत्या शब्दावर मेंढरांचे व्यवहार होत. पावती कुणी मागत नसे. दाराशी ते थांबले.

“वहीत ‘चुकला’ लिव्हा, दादासो. ‘खोटं बोलला’ नगा लिहू. मला अजून बाजारात बसायचं हाय.”

“ठराव झालाय, आबा.”

चहा आला, पण प्यायला कुणी थांबले नाही. एकाची विहिरीवरची मोटार चालू राहिली होती, एकाला डेअरीत दूध घालायचे होते, एकाला बारामतीची एसटी गाठायची होती. दादासोही झपाझप घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी कागद उलगडला, एकेक शब्द आपल्या मोबाइलवर घातला आणि तिसऱ्या जागी ‘रिबन’ बसवला.

शब्द चुकीचे.

त्यांनी अक्षर न् अक्षर तपासले. पुन्हा चुकीचे.

दादासोंनी मान वर केली. रस्त्यापलीकडच्या ओट्यावर सोनबा बसले होते. त्यांच्या एका हातात मोबाइल होता, दुसऱ्यात कागद. नजरानजर झाली. लपवायला उशीर झाला होता.

“उघडलं का, चेअरमन?”

“न्हाय. तुमचं?”

“न्हाय.”

शेजारच्या गच्चीवरून रविराजचा आवाज आला. “माझं बी न्हाय.”

सोनबांनी कागदावरचे शब्द पुन्हा एकदा मोजले. “म्हंजी एकानं बी खरा शब्द दिला न्हाय.”

“आबांनी दिला,” दादासो म्हणाले. “चिठ्ठी मीच वाचली व्हती.”

“मग सभा बोलवा. समदे खरं सांगतील. पर आधी आबांचा ठराव मागं घ्यायला लागंल.”

“घेऊ की,” दादासो म्हणाले. “सूचक कोण?”

गच्चीवरून रविराज दिसेनासा झाला. सोनबांनी कागदाची नीट घडी घातली, ती खिशात ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतले.