दोन्ही हात स्टिअरिंगवर

ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गमध्ये ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या निनादकडे नूरचाचा आले, तेव्हा त्याला वाटलं, यांना मी काय शिकवणार! अफगाण फौजेत सोव्हिएत काळातला ट्रक आयुष्यभर डोंगरातून हाकलेला माणूस. पण ब्रेक दाबला रे दाबला, की चाचांचा उजवा हात स्टिअरिंग सोडून झटकन आडवा जायचा आणि दारावर आपटायचा. त्यापायी टेस्टमध्ये दोनदा नापास झाले.

निनादला वाटायचं, जुनी सवय, दुसरं काय! त्या ट्रकमध्ये ड्रायव्हर डावीकडे बसायचा आणि गियर त्याच्या उजवीकडे, सीटच्या मागे असायचा, हे चाचांनीच सांगितलं होतं.

आज सिग्नलला पुन्हा हात दारावर आपटला, तसा निनाद हसला.

"चाचा, ही ऑटोमॅटिक आहे. गियर विसरा आता! ब्रेक मारताना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, एवढंच तर करायचंय. नो वरीज!"

चाचांनी हात मागे घेतला. समोरच्या काचेकडे बघत राहिले.

 

"एकदाच ठेवले होते दोन्ही हात, बेटा. उजवीकडे माझा धाकटा भाऊ बसला होता."