भाकरतुकडा

बासष्टाव्या वर्षी शालनने कात टाकली, ती काही हौसेपायी नव्हे. भिशीतल्या सगळ्या जणी दवाखान्यात जुनी कातडी उतरवून तिशीतला तुकतुकीत चेहरा घेऊन आल्या, तेव्हा ती नुसती हसली होती. पण आईला विस्मरणाने घेरलं आणि जेवू घालणाऱ्या लेकीलाच ती विचारू लागली, "म्हातारे, तू कुणाची गं?" तेव्हा मात्र शालनचा धीर सुटला.

नवं तोंड घेऊन ती घरी परतली, तशी आई लगबगीने उठली. "आलीस गं शाले!" म्हणत तिने लेकीला कवटाळलं. मग तिच्या मागे डोकावून म्हणाली, "आणि नंदू कुठाय? थांब, भाकरतुकडा ओवाळते."

शालनचा मुलगा नंदू तान्हा असतानाच तापाने गेला होता, त्याला तीस वर्षं उलटली होती. शालनने ते सांगताच आईने असा टाहो फोडला, की सगळी आळी गोळा झाली. सकाळी शालन दूध घेऊन आली, तर आई पुन्हा भाकरी-पाणी घेऊन दारात हसत उभी!

टाकलेली कात काही परत चढवता येत नाही. शेवटी एके सकाळी शालनने टॉवेलची गुंडाळी दुपट्यात घट्ट बांधली, छातीशी धरली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आईने तुकडा ओवाळून टाकला, शालनच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि कौतुकाने वाकून पाहिलं.

"अगं शाले, लेकराचं तोंड का झाकलंयस?"