रॅमची नवी पट्टी

मुलाखतीला तासभर उरला होता आणि वृषालीचा लॅपटॉप चालू होत नव्हता. दिवा लागत होता, आतला पंखा फिरत होता, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. नवऱ्याने सकाळीच घाईघाईने त्यात रॅमची नवी पट्टी बसवली होती.

"दुकानदाराने गंडवलं," म्हणत तो पुन्हा स्क्रू काढायला बसला. सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सून पुन्हा नोकरी शोधतेय, यावर त्यांनी आजवर हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं.

पट्टी बाहेर आली. तिच्या सोनेरी कडेवर हळदीकुंकू वाळलेलं होतं.

"आई, पूजा केलीत हिची?" वृषालीने विचारलं.

"नवी वस्तू, त्यात तुझ्या कामाची. काल बोट टेकवलं जरासं."

"अगं आई, मिक्सरलासुद्धा तू बाहेरूनच लावतेस ना," नवरा हसत म्हणाला.

वृषालीला हसू आलं नाही. तिने खोडरबराने ती कड हलकेच पुसली, पट्टी खाचेत दाबून बसवली. स्क्रीन उजळली.

सासूबाई नातवाला खांद्यावर घेऊन उठल्या. "दार लावून निवांत बोल. हा रडला तरी बाहेर येऊ नकोस."