अंग तापवायची वेळ

दुसऱ्यांदाही तेजलच्या हातून वजनाची दांडी धाडकन पडली आणि बघायला आलेल्या भावकीतून उठून हौसाबाई तिच्याकडे धावल्या. तिसऱ्या खेपेला चुकलं की लेकीला राज्याच्या संघाचं दार बंद.

"आई, खांदा आखडलाय. अंग तापवायच्या वेळी टेम्पोभर भावकीच्या पाया पडायला लावलंस. रबर ओढून खांदा सैल करायचं राहिलंच."

"पाया पडून कुणाचा खांदा मोडत न्हाई!" हौसाबाई खेकसल्या, पण आवाज रडवेला निघाला. "मग ओढ की आता!"

"रबर टेम्पोत हाय. मिनिटभर उरलंय."

दिरांसमोर कधीच न ढळलेला डोईवरचा पदर हौसाबाईंनी खस्सकन उतरवला, पीळ घालून लेकीच्या मुठीत दिला आणि पाय रोवून उभ्या राहिल्या.

"बघू दे भावकीला," त्या म्हणाल्या. "तू ओढ."