परुळेकर सरांचा कोळी

विक्रोळीच्या खारफुटीत गुडघाभर चिखल तुडवून निधीने नव्या जातीचा कोळी शोधला. याआधीच्या तिच्या तिन्ही शोधनिबंधांवर तिच्या गाईडने, म्हणजे चिखलाला कधी बूटही न लावलेल्या परुळेकर सरांनी, स्वतःचं नाव पहिलं टाकलं होतं. वाचली मात्र एक ओळही नव्हती.

या वेळी तीच गोड आवाजात म्हणाली, "सर, कोळ्याला तुमचंच नाव देते ना! फक्त लेखकांत तुम्ही नको. स्वतःच स्वतःचं नाव दिलंत, तर लोक हसतील."

सर पाघळले. "अगं, दे की! झकास!"

निबंध एकट्या निधीच्या नावाने छापून आला. सरांनी कोळ्याच्या वर्णनाचं पान फ्रेम करून मुलुंडच्या कॉलेजात, आपल्या केबिनच्या दाराशी टांगलं. त्यांनी ते अजून वाचलेलं नाही. येणारे-जाणारे मात्र थांबून वाचतात.

"पोट फुगीर, वरून चकचकीत. पाय काडीसारखे. डोळे आठ, पण दृष्टी अधू. स्वतः जाळं विणत नाही. दुसऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात जाऊन बसतो आणि त्यांनी पकडलेलं आयतं खातो."